दुसरी 'दुपार'

"पंखा बंद करू का जरा?"

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की पहिल्यांदा हे विचारायचे. आपण 'बसा' म्हणायच्या आत, पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आत. आणि विचारेपर्यंत त्यांचा हात बटनावर गेलेलाही असायचा. तुम्ही सोलापुरात एखादा मे महिना काढला असेल, तर या प्रश्नातला अत्याचार तुम्हाला वेगळा समजावून सांगायला नको.

पंखा गरगरत थांबला की काका एक बोट वर करून, मान जराशी तिरकी करून उभे राहायचे. "आता बघा," म्हणायचे, "तुमचा फ्रिज काय सुरेख सूर धरतोय!" आम्ही सगळे घामानं निथळत फ्रिजकडे बघायचो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा बायकोनं मला आत नेऊन विचारलं, "तुम्ही फ्रिजच्या दुरुस्तीला कुणाला बोलावलं होतं का?"

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी त्यांनी एक्सचेंजमध्ये वायरींच्या जंजाळात काढली. जुन्या फोनचा रिसीव्हर उचलल्यावर जो 'ऊं' असा आवाज यायचा ना, त्याच्यावर त्यांचं मनापासून प्रेम होतं. "कधीही उचला, तो हजर. किती भरवशाचा सूर!" असं ते गेलेल्या मित्राबद्दल बोलावं तसं बोलायचे. निवृत्तीनंतर त्यांनी एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, एक लॅपटॉप आणि कान पूर्ण झाकणारा भलामोठा हेडफोन घेतला, आणि संगीत करायला लागले.

संगीत म्हणजे काय, हे मी सांगणं धोक्याचं आहे. शाळेत समूहगीताच्या वेळी गुरुजी मला नुसते ओठ हलवायला सांगायचे. पण काकांच्या संगीताला माझ्यासारखाच श्रोता लागायचा. त्यात गाणं नव्हतं, बोल नव्हते, ताल नव्हता. लांबच लांब सूर यायचे, एकमेकांत मिसळायचे, विरायचे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मन लावून, भुवया आक्रसून ऐकत होतो. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ऐकू नका हो. नुसतं असू द्या."

"म्हणजे?"

"खोलीत उजेड असतो तसं. उजेडाकडे काय टक लावून बघता का तुम्ही?"

मग मी ऐकायचं थांबवलं आणि पाचेक मिनिटांत बसल्या जागी घोरायला लागलो. ही दाद काकांनी मान खाली घालून, अगदी नम्रपणे स्वीकारली.

तेव्हा काकू हयात होत्या. फुप्फुसाच्या दुखण्यानं त्या कितीतरी दिवस अंथरुणाला खिळलेल्या. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे काकू खाली येण्याचा प्रश्नच नव्हता. आम्हीच अधूनमधून वर जाऊन बसायचो. पलंगाशेजारी कोपऱ्यात भाड्यानं आणलेलं ऑक्सिजनचं मशीन अखंड चालू असायचं. खाली एक घरघर, आणि थोड्या थोड्या वेळानं एक फुस्कारा. दुपारी सगळी कॉलनी दारं-खिडक्या लावून आडवी झाली की काका त्या पलंगाशेजारी हेडफोन लावून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेले असायचे. मला ते दृश्य फार आवडायचं. म्हातारपणी नवराबायकोनं असं एकमेकांजवळ असावं, असं मी घरी येऊन बायकोला म्हणालोही होतो. बायको म्हणाली, "तुम्ही आधी म्हातारपणापर्यंत माझ्या शेजारी न घोरता राहून दाखवा."

काकू पावसाळा संपता संपता गेल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी काकांची मुलगी हैदराबादहून आली होती. तिला लॅपटॉपमध्ये ते दुपारचं सगळं काम सापडलं. तिनंच ते नीट लावलं, 'दुपार' असं नाव दिलं आणि इंटरनेटवर टाकलं. तो काकांचा पहिला अल्बम.

आता गंमत अशी, की तो चालला. गाजला म्हणत नाही. या जातीचं संगीत गाजत नाही, पसरतं. आमच्या चौकातल्या योगवर्गात शवासनाच्या वेळी 'दुपार' लागायला लागलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात लावलं. करकंबला माझी मेहुणी दिलेली आहे. तिचं नातवंड 'दुपार' लावल्याशिवाय डोळा मिटत नाही, असा तिचा फोन आला. लोक लिहायचे, की खालून जी एक मऊ लाट येते आणि जाते, तिच्यामुळे अंग सैल पडतं. कुणी समुद्र म्हणायचं, कुणी आईचा श्वास.

आणि आमच्या घरात तर चमत्कार झाला.

माझी आई मंद्रूपची. वडील गेल्यावर मी तिला हट्टानं फ्लॅटमध्ये आणली आणि तिची झोप तिकडेच राहिली. इथे आल्यापासून तिचा डोळा लागेना. "हितं काईच आवाज न्हाय रं, मानूस कशाच्या आधारानं झोपावं?" असं म्हणायची. गोळ्या झाल्या, तेल झालं, बदामाचं दूध झालं. मग एका दुपारी मी तिच्या उशाशी मोबाईलवर 'दुपार' लावलं. आई म्हणाली, "ह्ये काय गिरणी हाय का?" आणि 'का' म्हणता म्हणता झोपली. त्या दिवसापासून आमच्या घरात रोज दोन वेळा 'दुपार' व्हायची. आईच्या जोडीला मीही. आमचं नेट कधी चालतं, कधी नाही, म्हणून काकांच्या मुलीनं मला ती फाईलच मोबाईलमध्ये घालून दिली होती.

अशा यशाचं पुढे काय होतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. जो भेटेल तो विचारायला लागला, "काका, दुसरा कधी?"

त्यात मी सगळ्यांच्या पुढे. जिन्यात काका दिसले की मी वाट अडवायचो. "काका, लोक थांबलेत हो. फार वेगळं काही करू नका. अगदी तसंच करा." बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला नूतनीकरणाची सवय, जुनं तसंच पुढे चालू ठेवायचं, एवढीच माझी कलेची समज. काका नुसतं हसायचे. आता आठवलं की वाटतं, ते हसणं नव्हतं. पण तेव्हा मी माझ्या झोपेचा वकील होतो. समोरच्याचा चेहरा वाचायला मला फुरसत नव्हती.

शेवटी काकांनी दुसऱ्या अल्बमचा नमुना केला आणि पहिल्यांदा आमच्याकडे आणला. पंखा बंद झाला. आई पलंगावर आडवी झाली. सूर सुरू झाले, छान होते. मग काकांनी त्यात पाण्याची एक बारीक धार सोडली. परदेशात अशा संगीतात झरे वाहतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

आई ताडकन उठून बसली. "पानी आलं! आरं, पानी आलं, ऊट!"

आणि खरं सांगतो, मीही उठलो. पुढ्यात काका बसलेत, लॅपटॉप समोर आहे, आवाज त्यातून येतोय, हे दिसत असूनही मी धावत जाऊन मोटर लावली. बायकोनं स्वयंपाकघरात कळशा सरकवल्या. चार-चार दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात झऱ्याच्या आवाजावर झोपायचं कुणी? मोटर कोरडी फिरून ओरडायला लागली तेव्हा आम्ही भानावर आलो. काका इतके हसले, की त्यांना ठसका लागला. काकू गेल्यापासून ते तसे हसलेले मी पाहिले नव्हते.

हसणं ओसरल्यावर त्यांनी आईला विचारलं, "आई, पाणी काढतो. बाकी कसं आहे?"

आई त्यांना अण्णा म्हणायची. थोडा विचार करून म्हणाली, "अण्णा, ग्वाड हाय. पर त्या पयल्यात जीव हाय, ह्यात न्हाय. त्यो पयला आवाज घाला की."

"बरोबर," मी म्हणालो. "अगदी हेच मी म्हणत होतो."

काकांनी लॅपटॉप मिटला. "बघतो," म्हणाले.

त्यानंतर आठवडाभरात एका सकाळी दोन माणसं ऑक्सिजनचं मशीन उचलून जिन्यानं वर नेताना सगळ्या इमारतीनं पाहिली. दुपारपर्यंत काका अत्यवस्थ असल्याची खात्री सगळ्यांना पटली होती. तळमजल्यावरच्या बाईंनी अंगारा पाठवला. समोरच्यांनी आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. आमच्या घरातून मऊ भात आणि मेतकुटाचा डबा निघाला. डबा अर्थातच माझ्या हातात.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेलो आणि दाराशीच थांबलो. काका काकूंच्या पलंगाशेजारी खुर्चीत बसलेले, नाकात ऑक्सिजनची नळी, कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले. मशीन चालू. मी "काका!" म्हणून ओरडणार, एवढ्यात त्यांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. थांबा. मी डबा छातीशी धरून उभा राहिलो. भात कोमट होईपर्यंत उभा राहिलो. मग त्यांनी लॅपटॉपवर एक बटन दाबलं आणि नळी काढली.

"मला काही झालेलं नाही. बसा."

"मग हे काय?"

"दुसऱ्या अल्बमचं काम."

मला काही कळेना. त्यांनी तो हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि 'दुपार' लावलं. ओळखीची ती मऊ लाट आली, गेली, आली. माझे डोळे सवयीनं जडावले. मग काकांनी बोटानं पडद्यावरची एक पट्टी सरकवायला सुरुवात केली. लाट जरा जवळजवळ यायला लागली. अजून सरकवली. लाट खरखरीत झाली, घरघरायला लागली. अजून. आणि मग माझ्या कानात कोपऱ्यातलं ते मशीन सुरू झालं. घरघर, फुस्कारा. घरघर, फुस्कारा. हेडफोन काढला, तर खोलीतही तेच.

"हा आवाज तिला सोसायचा नाही," काका म्हणाले. "दुपार झाली की म्हणायची, अहो, बंद करा की ते, मला झोपू द्या. आता ते बंद कसं करणार? मी म्हणायचो, होईल सवय."

मी हातातला डबा खाली ठेवला.

"माझ्याही डोक्यात भिनला होता. म्हणून मी हेडफोन घालून बसायचो. तो रेकॉर्ड करायचा, लांबवायचा, त्याचे काटे काढायचे. मला सोसेल असा करायचा. बसल्या बसल्या चांगलं जमायला लागलं हो ते." त्यांनी हेडफोन हातात घेऊन उलटापालटा केला. "हे तिच्या कानाला लावावं, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. शेजारीच तर होती. हात लांब केला असता तर पुरला असता."

कोपऱ्यात मशीन चालूच होतं.

"आणि आता सगळी माणसं त्याच्यावर झोपतात. तिचं तेवढं राहून गेलं."

अशा वेळी माणसानं काय बोलावं? तुम्ही माझ्या जागी असता तर बहुतेक काहीच बोलला नसता. मी बोललो. मी म्हणालो, "पण काका, झोप फार छान लागते हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मग वाकून मशीन बंद केलं. "तुमच्या आई म्हणाल्या ना, जीव नाही म्हणून. म्हटलं, पुन्हा तेच मशीन आणावं. पण नुसतंच चालवलं, तर आवाज भकास यायला लागला. म्हणून नळी नाकात घालून बघितली." नळी गुंडाळत म्हणाले, "तिच्या श्वासाला जे यायचं, ते माझ्या श्वासाला येत नाही."

मशीन दुसऱ्या दिवशी परत गेलं. मी घरी बायकोला सगळं सांगितलं. आई पलीकडे बसलेली होती. तिला कमी ऐकू येतं, अशी माझी सोयीस्कर समजूत होती. त्या दुपारी आईनं मला मोबाईल लावू दिला नाही. "ऱ्हाऊ दे आज," म्हणाली.

मग काका दारोदार फिरले. योगवर्गात गेले, दवाखान्यात गेले, इमारतीत प्रत्येक मजल्यावर गेले. "'दुपार' काढून टाकू का जरा?" असं प्रत्येकाला विचारत होते. त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती. अल्बम त्यांचा, दुःख त्यांचं. पण लोक ज्याच्यावर झोपतात ते न विचारता काढून घ्यायचं, हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, "असू द्या की, काका! का काढताय?"

आमच्याकडे शेवटी आले. मला कारण माहीत होतं. सगळ्या सोलापुरात मला आणि बायकोला, दोघांनाच माहीत होतं. आणि मी काय म्हणालो? "असू द्या की, काका. आई झोपणार कशी?"

आईचं नाव पुढे केलं. माझंही अडत होतं, ते गिळलं.

काकांनी मान हलवली. "बरं. आईंसाठी ठेवतो," म्हणून उठायला लागले, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"अण्णा, काडा ते."

आम्ही दोघंही वळलो.

"आई, पण तुम्हाला झोप..." काका म्हणाले.

"माजं काय? मी मंद्रूपला काय मशीन लावून झोपत हुते व्हय? यील तवा यील, न्हाय तर जागी ऱ्हाईन. म्हातारीला झोप लागली काय, न लागली काय." आई पलंगाच्या कडेला सरकून बसली. "पर ती बाई बंद करा, बंद करा म्हनत गेली, आन् मी तिच्या त्या आवाजावर घोरत पडू? न्हाय बाबा. तुमी काडा. आन् तुमीबी झोपा जरा."

काका आईच्या पायाशी बसले. आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, जसा ती माझ्या पाठीवरून मी दहावीला गणितात गटांगळी खाल्ली तेव्हा फिरवत होती.

त्याच संध्याकाळी 'दुपार' सगळीकडून निघालं. पुढे महिन्याभरानं दुसरा अल्बम आला. नाव 'दुसरी दुपार'. कीबोर्डचे तेच लांब सूर, पण खाली काही नाही. पाणी नाही, लाट नाही, मशीन नाही. आणि अधेमधे सगळंच थांबतं. बराच वेळ थांबतं. मोबाईल बिघडला की काय, असं वाटेपर्यंत थांबतं.

"तिला बंद हवं होतं," काका मला म्हणाले. "तेवढं बंद केलंय."

तो चालला नाही. योगवर्गाच्या बाई तक्रार घेऊन आल्या: सगळी मंडळी शवासनात पडलेली, मध्येच आवाज गप्प, त्याबरोबर सगळ्यांनी डोळे उघडले आणि चटया गुंडाळायला घेतल्या. दवाखान्यात तर त्या शांततेत आतल्या खोलीतलं ड्रिल स्पष्ट ऐकू यायला लागलं. एक पेशंट चपला पायात सरकवून निघून गेला, तो परत आलाच नाही. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं, 'आवाज मध्येच जातो, कृपया दुरुस्त करावे.' काकांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. पण दुरुस्त नाही करायचं." त्या दिवशी त्यांच्या आवाजात काहीतरी सुटल्यासारखं होतं. इतकं पडलेलं काम इतक्या समाधानानं मिरवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर मुलगी त्यांना हैदराबादला घेऊन गेली. वरचा फ्लॅट आता बंद असतो. कधीतरी त्यांचा फोन येतो. फोनवर ते पंख्याचं विचारत नाहीत, आईचं विचारतात.

"आई झोपतात का हो?"

"झोपते की."

"आणि तुम्हाला झोप लागते ना?"

"लागते आपली."

दोन्ही उत्तरांत माझ्या आवाजाची पट्टी जरा चढते. सुराच्या माणसाला ते कळत असणार.

खरं असं आहे, की आई झोपत नाही. शब्द दिल्यासारखी ती दुपारभर जागी असते. आणि मला झोप उत्तम लागते, कारण 'दुपार' सगळीकडून निघालं तेव्हा माझ्या मोबाईलमधली ती फाईल तशीच राहिली. काका विसरले, मुलगी विसरली. मी विसरलो नव्हतो.

दुपारी जेवण झालं की मी आतल्या खोलीत जातो. कानात बारीक इयरफोन घालतो आणि भिंतीकडे तोंड करतो. ती लाट येते. ती कशाची आहे हे मला दर वेळी माहीत असतं. दर वेळी मी ठरवतो, की ही शेवटची, उठलो की काढून टाकायचं. पण त्या विचारावर पुढचा विचार यायच्या आत डोळा लागतो. इतकं चांगलं काम करून ठेवलंय त्या माणसानं.

गेल्या रविवारी मध्येच जाग आली. दार किलकिलं होतं. बाहेर आई जमिनीवर बसून चटणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. एक एक शेंग ती पदराच्या आत धरायची, हळूच दाबायची आणि टरफल आवाज न करता कागदावर ठेवायची. मी कूस बदलली, तशी ती थांबली, शेंग हातात तशीच धरून दाराकडे बघत राहिली. मी डोळे मिटून घेतले. मला पुन्हा झोप लागली आहे अशी खात्री पटेपर्यंत तिनं पुढची शेंग उचलली नाही.